तळघरातलं ऑफिस

बुऱ्हाणपुरात ज्या डॉक्टरांनी मला पहिल्यांदा तपासलं, त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"ऑफिसमध्ये आहे," मी म्हणालो.

त्यांनी कागदावर 'ऑफिस' लिहिलं, खोकल्याचं औषध दिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. एवढ्याशा बोलण्यापायी माझे अकरा महिने गेले. त्या महिन्यांत छातीचा जेवढा भाग निकामी झाला तेवढा आता परत येणार नाही.

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरोखरच ऑफिस होतं. टेबल होतं, गादीची खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता. फक्त ते ऑफिस एका हॉटेलच्या बांधकामाच्या तळघरात होतं, आणि त्याच तळघरात, माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कटरनं फरशी कापली जायची. डॉक्टरांनी ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

माझ्या आजाराचं नाव सिलिकोसिस. दगड कापताना जी बारीक, पिठासारखी धूळ उडते ती श्वासातून आत जाते आणि फुप्फुसात कायमची बसते. ती बाहेर काढायचं औषध नाही. यापेक्षा जास्त शास्त्र मला सांगता येणार नाही आणि ते सांगायला हे लिहीतही नाही. ज्यांच्या हातात आज पहिल्यांदा एक्स-रे आलाय त्यांच्यासाठी लिहितोय. आणि बांधकामावर माझ्यासारखं रजिस्टर घेऊन जे बसलेत, त्यांच्यासाठी.

राग शांत झाल्यावर लिही, असं वैशाली, माझी बायको, म्हणाली होती. मी बरेच दिवस थांबून पाहिलं.

*

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, आमच्या गावच्या, दापोऱ्याच्या बागांमधून केळीचे घड खांद्यावर वाहून ट्रक भरायचे. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही. त्यामुळे माझ्या लहानपणी आप्पांच्या अंगावर बिनडागाचा सदरा मी पाहिलेलाच नाही. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार ओलांडलेला मी पहिला. गणिताच्या सरांनी स्वतः फॉर्म भरून दिला, बी.एस्सी. झाल्यावर "नुसत्या डिग्रीनं काय होईल, सेफ्टीचा डिप्लोमा कर" असं त्यांनीच सुचवलं. त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

डिप्लोमानंतर एका ठेकेदाराकडे सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागलो. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. पहिल्या दिवशी शेठनी स्वतःच्या हातानं खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बैठ. अब तू कुर्सीवाला आदमी है."

मी घरी येऊन हे सांगितलं. पुढचा आठवडाभर आप्पा ज्याला त्याला थांबवून ते ऐकवत होते. "शेठनं सोता खुर्ची देली पोराले." दापोऱ्यात मी सेफ्टी सुपरवायझर कधीच नव्हतो. मी 'हाफिसातला' होतो.

त्या खुर्चीचं ओझं मला फार वर्षं कळलं नाही. शेठनी काही सांगायच्या आधीच मी ते करून टाकायचो. त्यांनी मला कधी "खोटं लिही" असं म्हटलेलं नाही. म्हणायची वेळच मी येऊ दिली नाही.

*

सुकलालदादा हे आमच्याकडचे सगळ्यात जुने फरशीचे कारीगर. असीरगढचे. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, आणि तोंडानं अतिशय फटकळ. मी नवा होतो तेव्हा पुस्तकात शिकलेलं सांगायला गेलो.

"दादा, कापताना पाणी सोडत जा. धूळ उडत नाही."

"तू सोड पानी," ते म्हणाले. "मंग ओल्या फरशीवर पेन्सिलची खूण दिसते का, तेबी तूच पाह्य. आन् कटर शेठचा असला तरी करंट माह्या हातात येते, शेठच्या नाही."

सगळे हसले. मीही हसलो. आज वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं. खूण दिसत नाही तर पाण्यानं न पुसली जाणारी पेन्सिल आणायची, करंट येतो तर पाण्यासाठी बनवलेला कटर आणायचा. बाजारात दोन्ही मिळतात. मी शेठला एकदा विचारलं. "देखते हैं" म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

सुरुवातीला कापण्याचं काम उघड्यावर, रस्त्याच्या बाजूला चालायचं. समोरच्या कापडाच्या दुकानदारांनी तक्रार केली की मालावर धूळ बसते. शेठ वैतागले. तेव्हा मीच पुढे होऊन सुचवलं, "तळघरात हलवू या. बाहेर कोणाला त्रास नाही." शेठनी पाठीवर थाप मारली. दुकानदारांचं कापड वाचलं. सेफ्टीचा डिप्लोमा केलेल्या माणसानं धुळीला खिडक्या नसलेल्या खोलीत कोंडलं आणि तिच्याबरोबर नऊ माणसंही कोंडली. दहावा मी. कारण माझं टेबलही तिथंच होतं. शेठना वाटायचं सुपरवायझर कामाच्या जवळ असावा.

बाथरूमच्या ओट्यांसाठी कारखान्यात बनवलेला चकचकीत दगड आला तेव्हापासून धूळ अजून बारीक झाली. दुपारी ट्यूबलाइटच्या उजेडात तळघर धुक्यासारखं दिसायचं. मी रुमालानं टेबल पुसायचो. दिवसातून चार वेळा टेबल पुसणाऱ्या माणसाला आपल्या नाकात काय जातंय याचा विचार सुचू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि टेबलावर रजिस्टर. आमच्याकडे सगळं सरकारी काम हिंदीत. रकाने आखलेले असायचे: मास्क वितरण, धूल नियंत्रण, स्वास्थ्य संबंधी शिकायत. पहिल्यात मी लिहायचो 'हाँ'. दुसऱ्यात 'पानी का छिड़काव'. तिसऱ्यात 'निरंक'. म्हणजे काही नाही, शून्य. सरकारी कागदावर हा शब्द फार शोभून दिसतो. माझं अक्षर चांगलं आहे. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत मी तीस 'निरंक' लिहायचो, एकाखाली एक, सरळ रेषेत. मग सगळ्यांचे अंगठे आणि सह्या घ्यायचो. सुकलालदादा अंगठा टेकवताना विचारायचे, "काय लिव्हलं रे भो?"

"काही नाही दादा, रोजचंच."

तपासणी येणार हे आदल्या दिवशी कळायचंच. मग कटर बंद, तळघर धुऊन स्वच्छ, खोक्यातले मास्क बाहेर. साहेब गेले की मी मास्क परत गोळा करायचो, दोऱ्या सरळ करून घडी घालून खोक्यात ठेवायचो, पुढच्या वेळेला लागतील म्हणून. एका साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "लिखावट अच्छी है।" मी ते घरी येऊन वैशालीला सांगितलं होतं.

*

खोकला आधी दादांना लागला. मग वजन उतरलं, संध्याकाळी अंग कणकणायला लागलं. एक्स-रेत डाग दिसले. डॉक्टर म्हणाले टीबी. दगड-मातीत काम करणारा गरीब माणूस, खोकतोय, बारीक होतोय. आमच्या भागात याला दुसरं नावच सुचत नाही कोणाला. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी गोळ्या सुरू झाल्या. कोर्स संपला, फरक नाही, म्हणून पुन्हा तोच कोर्स.

त्याच सुमारास माझा खोकला सुरू झाला. 'ऑफिस'वाल्याला आधी ॲलर्जी झाली, मग ब्राँकायटिस झाला आणि सात महिन्यांनी मलाही टीबीच ठरला. दादा तेव्हा अजून कामावर होते. माझ्या हातातलं गोळ्यांचं पाकीट पाहून म्हणाले, "खुर्चीवाल्यालेबी होते का रे हे? मले वाटलं आमचाच ठेका हाय."

"तुमच्याकडूनच घेतला असेल," मी म्हणालो. चेष्टेत म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. त्या दिवसानंतर ते माझ्या टेबलाजवळ आले नाहीत, बोलायचं असलं की लांबूनच बोलायचे, तोंडावर गमछा धरून. महिन्याभरात काम सोडून घरी बसले.

ज्यांनी या गोळ्या घेतल्या आहेत त्यांना ठाऊक असेल. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या, लघवी केशरी होते, तोंडाची चव जाते. ज्याला टीबी आहे त्यानं त्या घ्याव्यातच, एकही दिवस चुकवू नये, त्या जीव वाचवतात. पण आम्हाला जो रोग नव्हता त्याच्या गोळ्या आम्ही खात होतो आणि जिच्यामुळे रोग झाला ती धूळही खात होतो. मी तर गोळी गिळून त्याच तळघरात जाऊन बसायचो.

घरात वैशालीनं माझा पेला, ताट वेगळं केलं. तिनं ते मला न सांगता केलं आणि मला दिसू नये म्हणून माझ्याच आवडीचं ताट निवडलं. आमची सहा वर्षांची मुलगी आजोळी गेली. "सुट्टी आहे म्हणून," वैशाली म्हणाली. सुट्टी नव्हती. वैशाली शाळेत शिकवते, तिच्या शाळेचं वेळापत्रक मला पाठ आहे.

*

जिना चढताना चौथ्या पायरीवर बसायची वेळ आली तेव्हा वैशालीनं ऐकलं नाही. इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. छातीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आडनाव वाचून त्या मराठीत बोलायला लागल्या, त्यानंच मला निम्मं बरं वाटलं.

"काम काय करता?"

"ऑफिसमध्ये आहे."

त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "कुठं आहे ऑफिस?"

"साइटवर. तळघरात."

"आणि तळघरात अजून काय चालतं?"

माझ्याआधी वैशाली म्हणाली, "फरशी कापतात तिथं. यांचे कपडे रोज पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे असतात. मी तीन वर्षं झटकतेय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग ते ऑफिस कसं?" त्या रागावल्या होत्या. मी पहिल्यांदा कोणीतरी माझ्या आजारावर रागावलेलं पाहिलं. "तुम्ही तिथं काय करता?"

"सेफ्टी सुपरवायझर आहे."

त्या हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं आणि ते कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवलं. बरा होतो का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी सरळ 'नाही' म्हटलं. धूळ थांबली तर वाढण्याचा वेग कमी होऊ शकतो, तेवढंच त्या कबूल करायला तयार होत्या.

बाहेरच्या बाकावर बसून वैशाली रडली. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "हा लागत नाही ना कोणाला?"

"त्या नाही म्हणाल्या."

तिनं तिथूनच माहेरी फोन लावला. "उद्या पोरीला घेऊन या," एवढंच बोलली.

*

वॉर्डात एकोणीस दिवस होतो. पहाटे रक्त घ्यायला यायचे, मग चहा, मग नळीत फुंकायची तपासणी. फुंकर मारायची आणि पडद्यावरची रेष वर जायला हवी. माझी रेष अर्ध्यातच बसायची. तंत्रज्ञ रोज ओरडायचा, "और जोर से, और, और!" जसं काही मीच आळस करतोय. चौथ्या दिवशी मला इतका राग आला की मी नळी खाली ठेवली आणि म्हणालो, "भैया, इतकाच आहे." तो जरा ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून हळू आवाजात म्हणायला लागला, "आराम से।"

भीती दुपारी वाटायची. जेवण झालेलं असायचं, भेटायला येणारे गेलेले असायचे, आणि आपलाच श्वास ऐकू यायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडायला शिकवलं. हे जमलं की जिना, आंघोळ, शर्ट घालणं, सगळं थोडं सोपं होतं. ज्यांना दम लागतो त्यांनी हे नक्की शिकून घ्यावं. मला त्या दवाखान्यातून मिळालेल्या औषधांपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं.

मी डॉक्टरीणबाईंना सुकलालदादांबद्दल सांगितलं. "आणा त्यांना," त्या म्हणाल्या. दादा त्यांच्या बायकोबरोबर, कमलबाईंबरोबर आले. दोघं बसमध्ये वेगवेगळ्या सीटवर बसून आले होते. दादा इतके वाळले होते की मी आधी ओळखलंच नाही. मला पाहून लांबच उभे राहिले, गमछा तोंडावर.

"जवळ या दादा."

"तुले अजून लागंल."

"मला जे लागायचं ते लागलंय. तुमच्याकडून नाही."

त्यांच्या तपासण्या झाल्या. टीबीचे जंतू पुन्हा सापडले नाहीत. एक्स-रे माझ्यापेक्षा वाईट. पण बाई म्हणाल्या, नुसतं माझं मत पुरणार नाही, त्यांच्या कागदांवर दोनदा टीबी लिहिलंय. कामामुळे झालेला आजार ठरवायला डॉक्टरांचं मंडळ बसतं, आणि हा माणूस धुळीत काम करत होता याचा पुरावा मंडळाला लागतो. कामगार खात्यानं साइटचे कागद मागवले. कागद आले. त्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं की सुकलाल यांना दररोज मास्क दिला गेला, दररोज पाणी शिंपडलं गेलं, आणि तब्येतीची तक्रार निरंक. समोर त्यांचा अंगठा, खाली माझी सही. ज्या दिवशी ते कामावर खोकत खोकत ओकले होते, मीच त्यांना पाणी दिलं होतं, त्या दिवसासमोरही तेच.

त्या कागदांवर मंडळ निर्णय देईना. आणि निर्णय नाही तोवर दादा टीबीचे पेशंट, तिसऱ्या कोर्सच्या वाटेवर.

*

शेठ मला भेटायला आले. सफरचंदं घेऊन आले, पलंगाच्या कडेला बसले, खरंच हळहळले. तो माणूस दुष्ट नाही. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू घर का आदमी है, योगेश. तेरे इलाज में कमी नहीं आने दूँगा."

"शेठ, सुकलालदादांचं काय?"

"उसको तो टीबी है ना. कागज पे लिखा है."

"कागदावर काय काय लिहिलंय ते मला माहितीय. मीच लिहिलंय."

त्यांनी सफरचंदं उशाशी नीट लावून ठेवली. मग म्हणाले, "यही तो मैं कह रहा हूँ. रजिस्टर तेरा लिखा हुआ है. दस्तखत तेरे हैं. मैंने तो कभी हाथ भी नहीं लगाया. उलटा बोलेगा तो पहले कौन फँसेगा, पढ़ा-लिखा है, सोच ले."

मला शिकवून ज्यांनी मोठं केलं त्या सगळ्यांपुढे मला त्या क्षणी लाज वाटली. माझ्या सरांनी मला लिहायला शिकवलं ते यासाठी, की ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या नावावर मी खोटं लिहावं, आणि वेळ आली की शेठचे हात स्वच्छ निघावेत. अंगठा सुकलालचा, सही योगेशची, आणि शेठ कागदावर कुठंच नाहीत. म्हणून दिली होती खुर्ची.

आप्पांना हे पटलं नाही. दवाखान्यात येऊन माझ्याशी भांडले. "त्यानं तुले खुर्ची देली, अन् तू त्याच्याच विरोधात जाशील? तुह्यावर केस झाली तर? पोरगी हाय तुले."

"आप्पा, त्या खुर्चीवर बसूनच झालंय हे."

"तरीबी. खाल्ल्या मिठाचं काही असते का नाही?"

मला दम लागला होता. वैशाली म्हणाली, "मामंजी, मीठ खाल्लं असतं तर ठीक होतं. यांनी दगड खाल्लाय." आप्पा उठून बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी जबाब लिहिला. सात पानं. रजिस्टर महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलं जायचं. पाणी कधी शिंपडलं नाही. मास्क तपासणीपुरते निघायचे आणि परत जायचे. कापण्याचं काम तळघरात हलवण्याची सूचना माझी होती. कोण किती वर्षं कटरवर होतं, नावानिशी. खात्याच्या बाबूनं वाचून विचारलं, "ये समझ रहे हो ना कि आप पर भी कार्रवाई हो सकती है?" मी हो म्हणालो आणि प्रत्येक पानावर सही केली. ती चौकशी अजून चालू आहे. होईल ते होईल.

*

ज्यांच्यासाठी लिहायला बसलो त्यांना दोन गोष्टी सांगतो. डॉक्टर 'काम काय' विचारतील तेव्हा हुद्दा सांगू नका. तुम्ही जिथं बसता तिथली हवा कशी आहे ते सांगा. कपडे झटकल्यावर काय उडतं ते सांगा. शक्य झालं तर घरात कपडे धुणाऱ्या माणसाला सोबत न्या. त्यांना सगळं माहीत असतं. आणि रजिस्टर भरणाऱ्या माझ्या सुशिक्षित भावांनो, नियम कागदावर पाळणं ही कारकुनी चूक नाही. तुमच्या 'हाँ'नं एखाद्याचा रोग लपतो. नोकरी जाईल म्हणता? माझीही गेली. श्वास त्याच्याआधी गेला.

मंडळाचा निर्णय दोन महिन्यांनी आला. मला आणि सुकलालदादांना, दोघांनाही धुळीनं झालेला आजार. दादांच्या कागदावरचं टीबी रद्द. मी तो कागद घेऊन असीरगढला गेलो. रस्त्यावरून त्यांच्या घरापर्यंतच्या चढाला तीन वेळा थांबलो.

दादा घरात नव्हते, गोठ्याच्या बाजूला पत्र्याखाली त्यांची खाट होती. कमलबाई ओसरीवर तुरी पाखडत होत्या. मी दादांच्या खाटेवर बसून कागद वाचून दाखवला.

"म्हंजे टीबी नाही?" दादांनी विचारलं.

"नाही."

"आधीबी नोहता?"

"बहुतेक नव्हताच."

कमलबाईंचं सूप थांबलं. "मंग हे दुसऱ्याले लागत नाही?"

"नाही वहिनी."

"पोरगी बाळंतपणाले आली होती," त्या म्हणाल्या. "अकराव्या दिवशी तिले सासरी धाडलं मी. यायनं नातीचं तोंड दुरून पाह्यलं. यायचं ताट मी चुलीवर उकळत होती. दीड वर्साच्या वर." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमाले ठाऊक होतं?"

"धूळ आहे हे ठाऊक होतं. रोग ठाऊक नव्हता."

"अन् मास्क देल्ला म्हनून लिव्हत होते, ते?"

"ते ठाऊक होतं."

"जाऊ दे वं," दादा म्हणाले. "त्यालेबी तर झालं."

"तुमी गप ऱ्हा. बोललं की दम लागते तुमाले." त्या माझ्याकडे वळल्या. "त्यायले झालं म्हनून कळलं. नसतं झालं तर?"

याचं उत्तर मला माहीत आहे. नसतं झालं तर मी आजही तिथं बसून महिन्याच्या शेवटी ओळी भरत असतो. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि आम्हाला दोघांना खाटेवरून उठवलं. अंथरूण गोळा करून ओसरीवर टाकलं आणि खाटेचा एक पाय धरून ती घराकडे ओढायला लागल्या. मी दुसरं टोक उचलायला वाकलो. चार पावलं गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दादाही पुढे झाले होते, त्यांनी भिंत धरली. दोघंही तोंड उघडून श्वास घेत उभे राहिलो.

"बसा तिथंच दोघं," कमलबाई म्हणाल्या. "काय कामाचे ऱ्हायले तुमी."

आम्ही बसलो. उंबऱ्याला खाटेचे पाय अडकले. त्यांनी खाट एका अंगावर कलती केली, खांदा लावला, आणि एकटीनं ती आत घेऊन गेल्या.